हुप्प्याची हाळी आणि कपींची हद्द

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, म्हणजे जांबोटी, कणकुंबी आणि भीमगडाच्या आसपासच्या गावांत ज्यांचे बालपण गेले आहे, त्यांना सकाळी झाडीतून येणारा ‘हुप्प, हुप्प’ असा भरदार आवाज कोणाचा, हे शिकवावे लागत नाही. भाताच्या शेतांवर धुके अजून पसरलेले असते, आणि एका टेकडीवरून तो आवाज येतो. थोड्या वेळाने पलीकडच्या बाजूने तसाच दुसरा येतो. कळपातल्या मोठ्या नर वानराला आपल्याकडे हुप्प्या म्हणतात. हे नाव त्याला रंगावरून किंवा शेपटीवरून मिळालेले नाही, आवाजावरून मिळाले आहे. ज्या कोणी ते पहिल्यांदा दिले त्याने त्या प्राण्याकडे फार नीट लक्ष दिले असले पाहिजे, कारण कळपातल्या माद्या आणि पिल्ले तसा आवाज काढत नाहीत. तो मोठ्या नराचाच असतो, आणि त्याचा एक महत्त्वाचा श्रोता शेजारच्या कळपात बसलेला असतो.

प्राणी आवाजाने आपली हद्द कशी राखतात, हा प्रश्न मला या हुप्प्यामुळे पडला. त्याचे उत्तर शोधताना मात्र वाट आपल्या जंगलातून निघून आसाम, बोर्निओ, युगांडा आणि आयव्हरी कोस्टपर्यंत जाते, कारण या प्रश्नावरचे सर्वांत बारकाईने झालेले काम कपींवर झाले आहे. ते काम इथे सोप्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम नावांचा घोळ सोडवला पाहिजे. बोलताना आपण माकड, वानर, कपी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, आणि स्तोत्रांमधून तर मारुतीरायालाही कपी म्हटलेले आहे. प्राणिशास्त्रात मात्र कपी हा शब्द एका वेगळ्या गटासाठी राखून ठेवला आहे. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर, ज्याला आपले कन्नड शेजारी मुसिया म्हणतात. डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस असलेले, देवळांच्या आवारात आणि घाटरस्त्यांवर दिसणारे ते माकड. या दोघांनाही शेपूट आहे, आणि हे दोघेही कपी नाहीत. कपींना शेपूट नसते, त्यांचे खांदे मोकळे फिरतात आणि शरीराच्या मानाने त्यांचा मेंदू मोठा असतो. आग्नेय आशियातले गिबन आणि ओरांगउटान, आफ्रिकेतले गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो, एवढेच आजचे कपी. आणि वंशावळीच्या हिशेबाने माणूसही त्याच घरातला आहे. भारतात माणूस वगळता रानात राहणारा कपी म्हणजे हुलॉक गिबन, आणि तो ईशान्येकडच्या राज्यांत, ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेकडील आणि पूर्वेकडील जंगलांत राहतो. आसामी लोक त्याला होलौ बांदर म्हणतात. त्याच्या आरोळीतला ‘हू’ ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे नावही हुप्प्यासारखेच वाटेल.

आता हद्दीचा प्रश्न. आपल्याकडे शेताची हद्द म्हणजे काय, हे सांगायला नको: उताऱ्यावर गुंठ्यांचा आकडा असतो, जमिनीत दगड रोवलेला असतो, दोन रानांमध्ये बांध असतो, आणि तरीही शेजाऱ्याने नांगर थोडा आत घालून बांध कोरला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अबोला चालू राहतो. प्राण्यांकडे दगड नाही आणि उताराही नाही. म्हणून शास्त्रज्ञ दोन गोष्टी वेगळ्या करतात. एखादा प्राणी वर्षभरात जिथे जिथे फिरतो तो त्याचा वावराचा प्रदेश. त्यातला जेवढा भाग तो आपल्याच जातीच्या इतरांना येऊ न देता राखतो, ती त्याची हद्द. वावराचे प्रदेश एकमेकांवर चढलेले असू शकतात आणि त्याबद्दल कोणाचे भांडण होत नाही. हद्द मात्र राखावी लागते, आणि राखण्याला खर्च असतो.

तो खर्च कधी परवडतो? बहुतेक कपींचे पोट मुख्यतः पिकलेल्या फळांवर चालते. जंगलातले फळझाड वर्षातून काही दिवसच पिकते, आणि कोणते झाड कधी पिकते हे ठाऊक असणे हीच कपीची खरी मालमत्ता आहे. अशी झाडे जर एका दिवसात फिरता येईल एवढ्या जागेत असतील, तर ती जागा राखणे फायद्याचे ठरते. ती फार विखुरलेली असतील तर राखण करण्यात जी शक्ती खर्ची पडते ती फळांतून भरून निघत नाही. गिबनच्या एका कुटुंबाची हद्द साधारणपणे ३० ते ४० हेक्टर, म्हणजे ७५ ते १०० एकर असते. झाडांच्या शेंड्यांवरून हातांनी झोके घेत जाणाऱ्या प्राण्याला एवढी जागा सकाळच्या वेळात ओलांडता येते. चिंपांझींच्या टोळीची हद्द मात्र कित्येक चौरस किलोमीटरची असते, आणि तिच्या कडेला एकाच वेळी सगळीकडे उभे राहणे कोणालाही शक्य नाही. नजर तर कामाचीच नाही, कारण दाट जंगलात वीस-पंचवीस पावलांपलीकडचे दिसत नाही. वास पाऊस पडला की धुऊन जातो. उरतो तो आवाज, जो पानांना वळसा घालून जातो, एका ठिकाणी बसून चारही दिशांना पाठवता येतो, आणि ज्याला तीन सेकंदांत एक किलोमीटर अंतर कापता येते.

परंतु प्रत्येक आवाज दूर जात नाही. आवाज चहूकडे पसरतो, त्यामुळे अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. हा झाला मोकळ्या माळावरचा हिशेब. जंगलात त्यात आणखी घट होते, कारण पाने, फांद्या आणि खोडे आवाज इकडेतिकडे उडवतात, आणि ही घट बारीक, किनऱ्या आवाजाला जास्त सोसावी लागते, जाड आवाजाला कमी. गावच्या जत्रेतला ढोल चार शेते ओलांडून शेजारच्या गावात ऐकू येतो आणि झांज मात्र वेशीपाशीच विरते, हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. दुसरी युक्ती अशी की आवाजाची सगळी ताकद एका अरुंद पट्टीत ओतायची. सनईचा एक लांब सूर गर्दीच्या गोंगाटातूनही वेगळा ओळखू येतो, कारण त्याची शक्ती विखुरलेली नसते. गिबनची तान बरीचशी सनईसारखी आहे: स्वच्छ, एकसुरी, हळूहळू चढत जाणारी. सुमात्रा आणि मलाया भागातल्या सियामांग नावाच्या सर्वांत मोठ्या गिबनला तर गळ्याखाली एक पिशवी असते, जी हवेने फुगून जवळजवळ त्याच्या डोक्याएवढी होते आणि आवाजाला घुमारा देते.

आणि वेळ. पहाटे लोंढ्याकडून येणाऱ्या गाडीचा भोंगा खानापूरच्या आसपासच्या वाड्यांवर अगदी जवळ असल्यासारखा ऐकू येतो. तीच गाडी दुपारी कधी गेली हे कळतही नाही. याचे कारण केवळ शांतता हे नाही. रात्रीत जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वरची हवा त्या मानाने उबदार राहते. आवाज उबदार हवेत अधिक वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि जमिनीलगत लांबपर्यंत पोहोचतो. ऊन तापले की ही रचना उलटी होते आणि आवाज वर उडून जातो. त्यात वाराही सुटलेला असतो. बहुतेक गिबन सकाळीच गातात. जो प्राणी रोज तेवढेच श्रम करून जास्तीत जास्त शेजाऱ्यांपर्यंत पोहोचू इच्छितो, त्याला ही वेळ सर्वांत सोयीची आहे.

गिबनच्या बाबतीत ‘गातात’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. शास्त्रज्ञही तोच वापरतात. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ क्लॅरेन्स रे कार्पेंटर १९३७ मध्ये सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, गिबनचा रानात अभ्यास करण्यासाठी गेले, आणि लहान कुटुंबे आपापल्या जागा राखून राहतात व त्यात सकाळच्या गाण्याचा मोठा वाटा असतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले. बहुतेक जातींमध्ये नर आणि मादी मिळून गातात. अनेक जातींत मुख्य तान मादीची असते: ती संथ सुरुवात करते, सूर चढवत नेते, वेग वाढवते, आणि शिखरावर पोहोचून उतरते. तिची तान चालू असताना नर बहुधा गप्प राहतो आणि ती संपता संपता आपला तुकडा जोडतो. गोंधळात मुख्य गोंधळी पद म्हणतो आणि मागचा झील धरतो, तसेच हे आहे, फक्त इथे झील धरणारा नर असतो. हुलॉकच्या गाण्यात नर आणि मादी यांच्या वाट्याचे तुकडे एवढे वेगळे नसतात; दोघांचे सूर एकमेकांत मिसळतात आणि वाढती पिल्लेही त्यात सामील होतात. हे गाणे दहा-पंधरा मिनिटे चालते, कधी त्याहून बरेच अधिक. एका कुटुंबाने सुरुवात केली की शेजारचे उत्तर देते, मग त्याच्या पलीकडचे, आणि पाहता पाहता सारे खोरे गाऊ लागते.

या गाण्याचा हद्दीशी संबंध आहे, हे नुसत्या ऐकण्यावरून सिद्ध होत नाही. पक्षीही सकाळी गातात, आणि कोंबडाही आरवतो. म्हणून संशोधकांनी ध्वनिमुद्रण करून ते परत वाजवण्याची पद्धत अवलंबली. जॉन मितानी यांनी १९८० च्या दशकात बोर्निओच्या पूर्व भागातील कुताई येथे असे प्रयोग केले. अनोळखी गिबनचे गाणे एखाद्या कुटुंबाच्या हद्दीत ठेवलेल्या भोंग्यावरून वाजवायचे आणि कुटुंब काय करते ते पाहायचे. आवाज कुठून येतो यावर उत्तर अवलंबून असल्याचे दिसले. तोच आवाज हद्दीच्या आतून आला तर घरचे गिबन त्याच्या दिशेने चालून येत. लांबून आला तर तेवढी खळबळ होत नसे. म्हणजे त्यांच्या डोक्यात आपल्या जागेचा नकाशा आहे, आणि आवाजाची दिशा व अंतर ते त्या नकाशावर बसवतात. दुसरी गोष्ट मला अधिक विचार करायला लावणारी वाटते. अनोळखी मादीचा एकटा आवाज वाजवला की घरची मादी पुढे होत असे, आणि अनोळखी नराचा वाजवला की घरचा नर. घुसखोर कोणाची जागा घेऊ शकतो हे दोघांना ठाऊक आहे, आणि ज्याची जागा धोक्यात आहे तो आधी उठतो. त्यामुळे जोडीचे गाणे ही एकाच वेळी दोन सूचना असते: ही झाडे आमची आहेत, आणि आम्ही दोघेही इथे आहोत, कोणाचीही जागा रिकामी नाही.

हे सारे शेजाऱ्याला उपयोगी का पडावे, असा प्रश्न येतो. तो शत्रूचे म्हणणे का ऐकतो? कारण भांडण दोघांनाही महाग पडते. तीस मीटर उंचीवर फांदीवरून फांदीवर झेपावताना झालेली चावाचावी म्हणजे पडून हाड मोडण्याची शक्यता, आणि हात जायबंदी झालेल्या गिबनला फळापर्यंत पोहोचता येत नाही. गाण्यात वेळ आणि श्रम जातात, पण रक्त सांडत नाही. त्यातही गाणे खोटे गाता येत नाही. रात्रभर पाऊस झाला, अंग गारठले, किंवा फळांची टंचाई असली की गिबन कमी गातात. म्हणून लांब आणि दमदार गाणे हा पोट भरलेले असल्याचा आणि अंगात जोर असल्याचा पुरावा ठरतो. तरीही हद्दीवर समोरासमोर गाठी पडतात, पाठलाग होतात, क्वचित कोणी मरतोही. पण रोजचा व्यवहार आवाजावरच निभावतो. इथेच हेही सांगितले पाहिजे की गाण्याचा उपयोग एवढाच नाही. जोडी जमवणे आणि ती टिकवणे, वाघ किंवा अजगर दिसल्यास इशारा देणे, यांसाठीही गिबन गातात, आणि थायलंडमधल्या अभ्यासात शिकाऱ्याला पाहून गायलेल्या गाण्याची रचना रोजच्या गाण्याहून वेगळी असल्याचे आढळले.

हे गाणे पिल्लू आईबापांकडून शिकते का? तसे दिसत नाही. दोन जातींच्या संकरातून जन्मलेले गिबन दोन्ही जातींच्या मधले गाणे गातात, ही गोष्ट १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आली. गाण्याचा साचा रक्तातून येतो. प्रत्येकाच्या गळ्याची लकब निराळी असते, एवढे खरे.

चिंपांझीकडे वळले की चित्र बदलते, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे. गिबनचे कुटुंब चार-पाच जणांचे असते आणि ते बहुतेक वेळ एकत्र राहते. चिंपांझींच्या टोळीत पन्नास, कधी शंभराहूनही अधिक जण असतात, पण ते सगळे एकत्र क्वचितच येतात. दिवसभर लहान लहान गट पडतात, मोडतात, पुन्हा जुळतात. त्यामुळे एखाद्या सकाळी हद्दीजवळच्या उंबराखाली दोनच नर असू शकतात, किंवा दहा. पलीकडच्या टोळीचेही तसेच. कोणत्या क्षणी कोणाची बाजू जड आहे, हे आवाजाशिवाय कळायला मार्ग नाही.

त्यांची लांबवर जाणारी आरोळी चार टप्प्यांची असते. आधी हळू ‘हू’ असे हुंकार, मग आत-बाहेर येणाऱ्या श्वासाबरोबर वाढत जाणारी धाप, मग किंकाळीसारखे शिखर, आणि शेवटी उतार. पुष्कळदा शिखराच्या सुमारास नर मोठ्या झाडाच्या फळीसारख्या पसरलेल्या मुळांवर हातापायांनी धडाधड ठोकतो. हा ठोका जाड आवाजाचा असल्यामुळे किलोमीटरभर किंवा अधिक दूर जातो, आणि युगांडातील बुडोंगो जंगलातल्या अभ्यासात नरांची ठोकण्याची लय एकमेकांपासून वेगळी असल्याचे दिसले आहे. हलगीचा ठेका ऐकून वाजवणारा कोण हे जाणकार ओळखतो, तसेच हे म्हणता येईल. आरोळीवरूनही चिंपांझी एकमेकांना ओळखतात: हा आपला, हा परका.

परका आवाज ऐकल्यावर ते काय करतात? युगांडातील किबाले जंगलात, कन्यावारा नावाच्या टोळीवर मायकेल विल्सन, मार्क हाउझर आणि रिचर्ड रँगम यांनी एक प्रयोग केला, जो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी एकाच परक्या नराची आरोळी लपवलेल्या भोंग्यावरून वाजवली आणि ऐकणाऱ्या गटात किती नर आहेत याची नोंद ठेवली. तीन किंवा त्याहून अधिक नर असले की ते सगळे मिळून मोठ्याने उलट आरोळी ठोकत आणि आवाजाच्या दिशेने निघत. त्याहून कमी नर असले की ते बहुधा गप्प राहत आणि क्वचितच पुढे जात. आवाज तोच. फरक केवळ स्वतःच्या संख्येचा. त्या एका क्षणात चिंपांझीने दोन आकडे ताडून पाहिलेले असतात, पलीकडचे किती आणि आपण किती, आणि उत्तर द्यायचे की नाही हे त्यावरून ठरलेले असते. चिंपांझींमधल्या मारामाऱ्यांचा इतिहास पाहिला तर या सावधपणाचे कारण कळते. तिघे-चौघे मिळून एकट्या परक्याला धरतात तेव्हा हल्लेखोरांना सहसा फारसे लागत नाही आणि एकटा सापडलेला बहुधा जगत नाही.

म्हणून आरोळी देणे ही चिंपांझीसाठी गंभीर गोष्ट आहे. आरोळी देणारा आपली जागा उघड करतो. जिथे आपले बळ आहे तिथे ती हद्द राखते. जिथे बळ नाही तिथे तीच शत्रूला वाट दाखवते. खानापूरच्या भातशेतांत रात्री राखण करणारे शेतकरी एका मचाणावरून दुसऱ्या मचाणाला कुकारा देतात, डबे बडवतात, आणि गवे व रानडुकरे लांब राहतात. तो कुकारा देताना माणसाला भय नसते, कारण डुक्कर आवाजाच्या रोखाने चालून येत नाही. चिंपांझीच्या आरोळीचा श्रोता मात्र तसा चालून येऊ शकतो.

याचा सर्वांत ठळक पुरावा त्यांच्या गस्तीत दिसतो. अधूनमधून काही नर एकत्र येतात आणि खाणेपिणे सोडून हद्दीच्या दिशेने निघतात. एरवी दंगा करणारे हे प्राणी तेव्हा एकामागे एक, रांगेने, जवळजवळ मूकपणे चालतात. थांबतात, कान देतात, जमीन आणि पाने हुंगतात, परक्यांनी रात्री झाडांवर बांधलेली घरटी निरखतात, आणि वाळक्या पानांचा आवाज झाला तरी दचकून एकमेकांकडे पाहतात. किबालेमधील न्गोगो टोळीच्या नरांनी अशा गस्तींवर शेजारच्या टोळ्यांतील चिंपांझींना मारले. मितानी, डेव्हिड वॉट्स आणि सिल्व्हिया ॲम्सलर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, दहा वर्षांत न्गोगोच्या नरांनी घेतलेल्या २१ बळींचा हिशेब दिला आहे; त्यांपैकी १३ ईशान्येकडच्या भागातले होते, आणि २००९ मध्ये न्गोगो टोळी नेमका तोच भाग वापरू लागली. तिची हद्द ६.४ चौरस किलोमीटरने, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांनी वाढली. नव्या जागेत गेल्यावर ते तिथे फळे खाऊ लागले, आणि आरोळ्याही देऊ लागले, जशा ते आपल्या जुन्या भागात देत असत. ज्या जागेत काल मुक्याने चालावे लागत होते, त्या जागेत आज आरोळी देता येते, एवढ्यावरून हद्द सरकल्याचे कळते. नकाशा काढणाऱ्या संशोधकांसाठीही ती एक खूण आहे.

आयव्हरी कोस्टमधील ताई जंगलातून २०२३ मध्ये आलेले संशोधन आपल्या भागातल्या वाचकांना लगेच पटेल. तिथल्या दोन शेजारी टोळ्यांचा सुमारे तीन वर्षे मागोवा घेतला गेला. हद्दीकडे जाताना हे चिंपांझी टेकडीवर चढत, आणि आपल्या प्रदेशाच्या मध्याकडे परतताना चढण्याचे हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. हद्दीजवळच्या टेकडीवर गेल्यावर ते चघळण्या-मोडण्याचा आवाज करत खात बसण्यापेक्षा शांत विसावा घेत. जंगल एवढे दाट की टेकडीवरूनही काही दिसत नाही. ते ऐकायला चढत होते. शत्रू लांब असेल तर ते पुढे सरकत, जवळ असेल तर पुढे जाणे टाळत, आणि अशा रीतीने गाठ पडण्याआधीच तिचा निर्णय होत असे. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभे राहिल्यावर, किल्ला टेकडीवर का बांधतात हे कोणालाही समजते. तिथे नजर चौफेर फिरते. ताईच्या चिंपांझींनी तीच उंची कानांसाठी वापरली आहे.

बाकीच्या कपींबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची हद्द एवढी रेखीव नसते. ओरांगउटानचा गालफडे वाढलेला प्रौढ नर एकटा राहतो आणि त्याची लांब आरोळी किलोमीटरभर ऐकू येते, परंतु अशा नरांचे प्रदेश एकमेकांवर चढलेले असतात. आरोळीने तो जमिनीभोवती कुंपण घालत नाही, इतर नरांना स्वतःपासून लांब ठेवतो आणि माद्यांना आपला ठावठिकाणा कळवतो. सुमात्रामधल्या अभ्यासात असेही दिसले की संध्याकाळी तो ज्या दिशेला तोंड करून आरोळी देतो, त्याच दिशेला बहुधा दुसऱ्या दिवशी निघतो. गोरिला छाती बडवतो, आणि त्या आवाजाच्या जाडीवरून त्याच्या देहाचा आकार कळतो, हे रवांडातील पहाडी गोरिलांवर झालेल्या कामातून २०२१ मध्ये दाखवले गेले. मोठ्या देहाच्या नराचा आवाज अधिक जाड येतो. काँगो नदीच्या दक्षिणेला राहणारे बोनोबो मात्र या सगळ्याला अपवाद आहेत: दोन टोळ्या एकमेकींचे आवाज ऐकून पुष्कळदा जवळ येतात आणि एकाच झाडावर फळे खातात. चिंपांझीचे ते सर्वांत जवळचे भाऊबंद, आणि तरीही परक्या हाळीचा अर्थ त्यांच्याकडे वेगळा आहे.

आता परत आपल्या हुप्प्याकडे. कपी आणि वानर यांच्या वाटा सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी पानांआड राहणाऱ्या शेजाऱ्याला आवाजाने दूर ठेवण्याची गरज दोघांनाही आहे. या दोन अभ्यासांना जोडणारा एक माणूस आपल्या अगदी शेजारी येऊन गेला, याचा मला विशेष आनंद वाटतो. जपानचे युकिमारू सुगियामा यांनी १९६१ ते १९६३ या काळात धारवाडजवळच्या पानझडी जंगलात वानरांच्या कळपांचा मागोवा घेतला. बाहेरचे नर कळपावर चालून येतात, जुन्या हुप्प्याला हुसकावतात आणि त्यानंतर कळपातली तान्ही पिल्ले मारली जातात, हे त्यांनी तिथे नोंदवले आणि जगभर त्यावर चर्चा झाली. हेच सुगियामा पुढे आफ्रिकेत गेले आणि १९७६ पासून गिनीमधील बोसू येथे चिंपांझींचा दीर्घ अभ्यास त्यांनी सुरू केला. धारवाडच्या त्या निरीक्षणानंतर हुप्प्याच्या सकाळच्या आवाजाचे महत्त्व अधिक कळते. त्याच्या जागेवर डोळा ठेवून असलेले नर झाडीत कुठेतरी ऐकत असतात, आणि तो अजून इथे आहे हे त्यांना रोज कळणे पिल्लांच्या जिवासाठी गरजेचे आहे.

हुलॉककडे मात्र ऐकणारे शेजारी कमी होत चालले आहेत. आसामच्या जोरहाट जिल्ह्यातील होलोंगापार गिबन अभयारण्य सुमारे २१ चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्याभोवती चहाचे मळे आहेत आणि मधून रेल्वेमार्ग जातो. गिबन जमिनीवर उतरणे टाळतो, त्यामुळे झाडांचे शेंडे एकमेकांना जिथे भिडत नाहीत तिथे त्याची वाट संपते. आवाज रूळ ओलांडतो, मळेही ओलांडतो, पण तो ऐकून जोडीदाराच्या शोधात निघालेल्या तरुण नराला किंवा मादीला पलीकडे जाता येत नाही. हद्द राखण्याचा सारा खटाटोप ज्या फिरण्यासाठी आणि जोड्या जुळण्यासाठी असतो, ते फिरणेच तिथे अडते.

गिबनची गणना करणारे लोक याच गाण्याचा आधार घेतात. पहाटे दोन किंवा अधिक माणसे एकमेकांपासून ठरावीक अंतरावर बसतात, आणि गाणे ऐकू आले की प्रत्येक जण वेळ, होकायंत्रावरची दिशा आणि अंदाजे अंतर लिहून ठेवतो. हे काम आपल्याकडेही, अभयारण्यात पाऊल न टाकता, स्वतःच्या शेताच्या बांधावरून किंवा घराच्या गच्चीवरून करता येते. पावसाळा सरल्यावरच्या, वारा नसलेल्या सकाळी दोन जणांनी अर्ध्या किलोमीटरच्या अंतराने बसावे, दोघांची घड्याळे जुळवून घ्यावीत, ‘हुप्प’ ऐकल्याबरोबर दिशा टिपावी, आणि कोणत्या बाजूने किती वेळाने उत्तर आले हेही लिहावे. मग गावच्या नकाशावर दोघांनी आपापल्या जागेपासून त्या दिशेला एकेक रेघ ओढावी. जिथे त्या दोन रेघा एकमेकींना छेदतात, साधारण त्याच झाडावर त्या वेळी हुप्प्या बसलेला असतो.